सांताक्रूझचं युनिक्स आणि मागे राहिलेले सर्व्हर

सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम विकणारी कंपनी बुडाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं? काहीच होत नाही. मशीन सुरू असतं, लोक लॉगिन करतात, पावत्या छापल्या जातात. दुखणं येतं ते आडवाटेने. डिस्क कंट्रोलर जळतो आणि नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर कुणीच लिहिलेला नसतो. नव्या मशीनवर सिस्टिम पुन्हा टाकायची तर ॲक्टिव्हेशन की हवी असते आणि ती देणारा फोन कुणी उचलत नाही. एखादी डेटा फाइल वाढत वाढत २ जीबीच्या भिंतीला टेकते, आणि ती भिंत पाडणारी पुढची आवृत्ती घ्यावी की नाही हेच ठरत नाही. त्यामुळे ‘आता कोणत्या सिस्टिमवर जायचं’ हा प्रश्न दिवाळखोरीच्या तारखेला येतच नाही. एक तर तो बराच आधी येतो, नाहीतर फार उशिरा. एससीओ या कंपनीच्या इतिहासात तो दोन्ही वेळा आला, म्हणून तो इतिहास पाहण्याजोगा आहे.

सांताक्रूझ ऑपरेशन, म्हणजेच एससीओ, ही कंपनी १९७९ मध्ये लॅरी मायकेल्स आणि त्यांचा मुलगा डग यांनी काढली. मुंबईकरांनी गोंधळू नये. हे सांताक्रूझ कॅलिफोर्नियातलं, समुद्रकाठचं. त्या सुमारास मायक्रोसॉफ्टने एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीकडून युनिक्सचं, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांना काम करू देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं, लायसन्स घेतलं होतं आणि छोट्या संगणकांसाठी ‘झेनिक्स’ नावाची आवृत्ती आणली होती. होय, एके काळी मायक्रोसॉफ्ट युनिक्स विकायची. सांताक्रूझच्या मंडळींनी झेनिक्स इंटेलच्या प्रोसेसरवर उतरवलं, १९८३ पासून ते पीसीसाठी विकलं, आणि १९८७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने झेनिक्सची सगळी मांडामांड त्यांच्याकडेच सोपवली. बदल्यात एससीओत वीस टक्क्यांहून किंचित कमी वाटा घेतला. १९८९ मध्ये एससीओ युनिक्स आलं, १९९५ मध्ये त्याचीच पुढची आवृत्ती, ओपनसर्व्हर ५.

त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या युनिक्स मशीनच्या किमती ऐकून छोट्या धंदेवाल्याला घाम फुटे. इथे मात्र इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा एक साधा पीसी, त्यात सिरियल पोर्ट वाढवणारं एक कार्ड, आणि त्याला जोडलेले आठ किंवा सोळा मुके टर्मिनल (नुसता पडदा आणि कीबोर्ड), एवढ्यावर अख्खं ऑफिस चाले. औषधांची दुकानं, सुट्या भागांच्या साखळ्या, दवाखाने, मॅकडोनाल्ड्ससारख्या खाद्यगृहांचे गल्ले असा ग्राहकवर्ग जमत गेला. यांतल्या कुणीही ‘आम्हाला एससीओ हवं’ म्हणून दुकान गाठलं नव्हतं. त्यांनी बिलिंगचा किंवा हिशेबाचा प्रोग्रॅम घेतला, आणि तो लिहिणाऱ्याने ज्या सिस्टिमवर लिहिला ती मशीनमध्ये आली. हे प्रोग्रॅम लिहिले जात ते कोबोल, फॉक्सबेस, इन्फॉर्मिक्स अशा भाषांत आणि डेटाबेसांत. सिस्टिम ही प्रोग्रॅमच्या मागोमाग आलेली गोष्ट होती, हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

भारतात युनिक्सला मोठा दरवाजा उघडला तो बँकांनी. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. ‘संगणकीकरण’ हा शब्द तेव्हा संघटनांना झोंबायचा, म्हणून खतावणी करणाऱ्या यंत्रांपासून दबकत सुरुवात झाली. १९९३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावर शाखा पूर्ण संगणकीकृत करण्याचा वेग वाढला. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचं जाळं देशात सर्वांत दाट, त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या शाखेतही मॅनेजरच्या केबिनमागे लाकडी पार्टिशन टाकून एक सर्व्हर बसवलेला असे. काउंटरवर हिरव्या किंवा पिवळट अक्षरांचे टर्मिनल, बाजूला करकरणारा डॉट मॅट्रिक्स, संध्याकाळी ‘डे एंड’ झाला की टेपवर बॅकअप. पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर ‘युनिक्स, सी, फॉक्सप्रो’ हे त्रिकूट ठरलेलं. शिकवलं जाणारं युनिक्स बहुतेक वेळा एससीओचंच असे, कारण ते पीसीवर चाले आणि क्लासवाल्याला पीसीच परवडे.

आता कागदपत्रांकडे. युनिक्सचे मूळ हक्क एटी अँड टीकडून १९९३ मध्ये नॉव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेले. नॉव्हेलने सप्टेंबर १९९५ मध्ये युनिक्सचा व्यवसाय सांताक्रूझ ऑपरेशनला विकला. पण एससीओकडे रोख पुरेशी नव्हती, म्हणून व्यवहार शेअर्सवर झाला आणि बऱ्याच गोष्टी नॉव्हेलने स्वतःकडे ठेवल्या. जुन्या युनिक्स लायसन्सची रॉयल्टी एससीओने वसूल करायची, ती नॉव्हेलला पाठवायची आणि ५ टक्के वसुलीखर्च मिळवायचा, असा मामला. कॉपीराइट वगळलेल्या गोष्टींच्या यादीत होते. वर्षभराने, १९९६ मध्ये, करारात दुरुस्ती झाली, आणि तिची भाषा इतकी धूसर की तिच्यावर पुढे कित्येक वर्षं वकिलांचे संसार चालले. ओपनसर्व्हर वापरणाऱ्या कुणालाही तेव्हा याची गंधवार्ता नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लिनक्स या खुल्या सोर्सच्या (ज्याचा मूळ कोड कुणालाही पाहता, बदलता येतो अशा) सिस्टिमने एससीओचं गिऱ्हाईक खालून पोखरायला सुरुवात केली. तेच पीसीचं हार्डवेअर, तसंच युनिक्सी वळण, आणि किंमत जवळजवळ शून्य. ऑगस्ट २००० मध्ये युटाहच्या कॅल्डेरा या लिनक्स कंपनीने एससीओचा सर्व्हर विभाग घेण्याची घोषणा केली, आणि मे २००१ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. मूळ कंपनी टॅरँटेला या नावाने उरली. ती २००५ मध्ये सन या संगणक कंपनीने गिळली. कॅल्डेराचा विचार वाईट नव्हता. जुन्या युनिक्सच्या ग्राहकांना हाताला धरून लिनक्सकडे न्यायचं. त्यांनी युनिक्सवेअरमध्ये, म्हणजे एससीओच्या दुसऱ्या युनिक्समध्ये, अशी सोय केली की लिनक्सचे प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालावेत. माझ्या मते एससीओच्या ग्राहकांना शहाणपणाची वाट दाखवली गेली असेल, तर ती फक्त या वर्षभरात.

जून २००२ मध्ये डार्ल मॅकब्राइड कॅल्डेराचे प्रमुख झाले. ऑगस्टमध्ये कंपनीने आपलं नाव बदलून ‘द एससीओ ग्रुप’ केलं. मार्च २००३ मध्ये तिने आयबीएमवर १ अब्ज डॉलरचा दावा लावला: आमचं युनिक्स तुम्ही लिनक्समध्ये घुसवलंत. पुढे आकडा ५ अब्जांपर्यंत चढला. मे महिन्यात सुमारे १५०० मोठ्या कंपन्यांना पत्रं गेली की लिनक्स वापराल तर तुम्हीही कायद्याच्या कचाट्यात याल. ऑगस्टमध्ये एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलरचं लायसन्स विक्रीला आलं. म्हणजे लिनक्स दुसऱ्याकडून घ्यायचं आणि त्याचे पैसे एससीओला द्यायचे. स्वतःची लिनक्सविक्री मात्र तिने मे महिन्यातच थांबवली होती.

मार्च २००४ मध्ये एससीओने आणखी दोन खटले भरले, आणि सर्व्हर बदलू पाहणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणात मला तेच सर्वांत बोलके वाटतात. पहिला ऑटोझोनवर. ही मोटारीच्या सुट्या भागांची अमेरिकी साखळी. तिच्या दुकानांत ओपनसर्व्हर होतं आणि ती लिनक्सवर गेली होती. एससीओचं म्हणणं असं की आमच्या लायब्रऱ्यांशिवाय (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडशिवाय) हे स्थलांतर जमलंच नसतं. दुसरा डेमलरक्रायस्लर या मोटार कंपनीवर. तिच्याकडे एससीओने युनिक्स लायसन्सच्या अटी पाळल्याचं प्रमाणपत्र मागितलं होतं. ते वेळेवर आलं नाही म्हणून दावा. कंपनीचं उत्तर असं की ते सॉफ्टवेअर आम्ही सात वर्षांहून अधिक काळ वापरलेलंच नाही. जुलै २००४ मध्ये मिशिगनच्या न्यायालयाने या दाव्याचा बहुतेक भाग काढून टाकला. तोवर व्हायचा तो परिणाम झाला होता. खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या मागे घरमालक कोर्टाचा कागद घेऊन धावताना दिसला, की राहिलेले भाडेकरू निमूट राहत नाहीत. तेही सामान बांधतात.

जायचं कुठे? एससीओमध्येच थांबायचं, तर जून २००५ मध्ये ओपनसर्व्हर ६ आलं. त्यात आतला गाभा युनिक्सवेअरचा होता आणि २ जीबीची मर्यादा गेली होती. उत्पादन म्हणून चांगलं, पण कोर्टात पैसे ओतणाऱ्या कंपनीकडून पाच वर्षांचा आधार कोण गृहीत धरणार? सनचं सोलारिस हे युनिक्स इंटेलवर चाले, मात्र २००२ च्या सुरुवातीला सनने इंटेलसाठीची पुढची आवृत्ती लांबणीवर टाकली होती आणि ओरड झाल्यावर परत आणली होती; त्या धरसोडीने विश्वास उडाला होता. विंडोजवर जायचं म्हणजे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे आणि प्रत्येक टर्मिनलच्या जागी पीसी ठेवायचा. फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या वळणाची फुकट सिस्टिम भरवशाची, पण गावात त्याचा माणूस सापडेना.

राहिलं लिनक्स. त्याच्या बाजूने एक फारसं न गाजलेलं कारण होतं. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे आतल्या गाभ्याला, जोडता येणारं ‘आयबीसीएस’ नावाचं मॉड्यूल एससीओसाठी बनवलेले तयार प्रोग्रॅम, सोर्सशिवाय (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ कोड हाताशी नसतानाही), लिनक्सवर चालवत असे. एससीओवरचं फॉक्सप्रो अशा रीतीने लिनक्सवर चालवणारे खूप जण होते. हे जुगाड असलं तरी वेळ मारून नेण्यापुरतं पक्कं होतं. पुढे कर्नल बदलत गेले तसं ते मॉड्यूल मागे पडलं.

त्यातही एक ठेच होतीच. २००३ मध्ये घाईने रेड हॅट या कंपनीचं रेड हॅट लिनक्स ९ बसवलेल्यांना काही महिन्यांत कळलं की तिचा आधार ३० एप्रिल २००४ ला संपतोय, पुढे पैसे भरून एंटरप्राइझ आवृत्ती घ्या. एक पुरवठादार सोडून दुसऱ्याच्या दारात गेलात तर तिथेही पाटी बदललेली. या फटीतूनच २००४ मध्ये सेंटओएस उगवलं: रेड हॅटचाच खुला सोर्स पुन्हा बांधून फुकट दिलेली सिस्टिम.

कुणी कोणती वाट धरली हे पाहिलं तर तक्ते आणि तुलना बाजूलाच पडतात. ज्याच्याकडे कोबोलचा सोर्स होता त्याने लिनक्ससाठीचा कंपायलर विकत घेतला, प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि मोकळा झाला. ज्याच्याकडे फक्त बायनरी, म्हणजे मूळ कोडशिवायचा तयार प्रोग्रॅम, होती आणि ती लिहिणारा धंदा बंद करून गेलेला, तो एससीओवरच अडकला, कंपनी असो वा नसो. ज्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती विंडोजवरच निघाली तो नाराजीने विंडोजवर गेला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गुणदोषांवर बैठका पुष्कळ झाल्या असतील, निर्णय मात्र जुन्या प्रोग्रॅमने घेतला.

आपल्याकडे बँकांत तर प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सुटला. कोअर बँकिंग आलं, सगळी खाती एका डेटा सेंटरमध्ये गेली, आणि शाखेतला सर्व्हर हीच चीज उरली नाही. पार्टिशनमागची खोली स्टेशनरीला मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेल्या एलआयसीने मात्र शाखांमधून लिनक्स नेलं, आणि देशातल्या मोठ्या लिनक्स वापरकर्त्यांत तिची गणना झाली.

एससीओचा शेवट लांबला. १० ऑगस्ट २००७ ला न्यायाधीश डेल किंबॉल यांनी युनिक्सचे कॉपीराइट नॉव्हेलचेच असल्याचा निकाल दिला. नॉव्हेलशी याच हक्कांवरून चाललेला खटला १७ सप्टेंबरला उभा राहायचा होता. त्याच्या तीन दिवस आधी एससीओने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. अपिलात तो निकाल फिरला, पण मार्च २०१० मध्ये ज्यूरीनेही नॉव्हेलच्या बाजूने कौल दिला. एप्रिल २०११ मध्ये युनिक्सचा व्यवसाय ‘अनएक्सिस’ या कंपनीला ६ लाख डॉलरला विकला गेला. अब्जांच्या दाव्यांपुढे हा आकडा पाहावा. तिचंच नाव पुढे झिनुओस झालं, आणि तिने आणलेल्या ओपनसर्व्हर १० च्या पोटात फ्रीबीएसडी होतं. आयबीएमविरुद्धचा मूळ दावा ऑगस्ट २०२१ मध्ये मिटला, १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर दिवाळखोरीच्या विश्वस्ताच्या हाती देऊन.

मधल्या काळात अडकलेल्यांची सुटका केली ती व्हर्च्युअल मशीनने, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाने. २००९ मध्ये व्हीएमवेअर या अशाच सॉफ्टवेअरवर चालणारी ओपनसर्व्हर ५.०.७ ची खास आवृत्ती निघाली. डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरची चिंता तिथेच मिटली, कारण आता हार्डवेअरच नकली होतं.

वीस वर्षांनी हाच प्रसंग सेंटओएसवर आला, जरा वेगळ्या अंगाने. ८ डिसेंबर २०२० ला रेड हॅटने जाहीर केलं की २०२९ पर्यंत चालणार असं सांगितलेलं सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होईल. रेड हॅट तोवर आयबीएमच्या मालकीची झाली होती. ज्या कंपनीला एससीओने कोर्टात खेचलं तीच आता सर्व्हर लिनक्सच्या सर्वांत मोठ्या दुकानाची मालकीण. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्टझर यांनी लगेच रॉकी लिनक्सची घोषणा केली. मार्च २०२१ मध्ये तसंच दुसरं अल्मालिनक्स, जूनमध्ये रॉकी हाताशी आलं. दोघांनीही अशी स्क्रिप्ट दिली की चालू सर्व्हरवर ती फिरवायची, पॅकेजेस बदलतात, मशीन रीस्टार्ट करायचं, प्रोग्रॅमला काही कळतही नाही. ओरॅकलनेही तशीच स्क्रिप्ट पुढे केली.

हे जमलं कारण सोर्स कुणाच्या एकट्याच्या तिजोरीत नव्हता. १९९५ च्या करारात कॉपीराइट कुणाचे, या वादाला इथे जागाच नव्हती. सोडून जाणाऱ्यावर खटला भरायला आधारच नव्हता. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपला सोर्स मुख्यतः ग्राहकांपुरता ठेवायचं ठरवलं तेव्हा अल्माने ओळीला ओळ तशीच ठेवण्याचा हट्ट सोडला, आणि प्रोग्रॅम चालले म्हणजे झालं, एवढंच ध्येय ठेवलं. रॉकी जुन्याच हट्टावर राहिलं. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, तेव्हा ते वापरणाऱ्यांपुढे या दोन्ही वाटा खुल्या होत्या.