आधी निगेटिव्हच का?

गाडीच्या बॅटरीचे 12 व्होल्ट माणसाला झटका देत नाहीत. म्हणून बॅटरी बदलताना कुठलीही वायर आधी काढली तरी चालतं, असा समज पक्का झालेला दिसतो. पहिलं खरं आहे, दुसरं महागात पडतं.

कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. त्यातून 12 व्होल्ट जेमतेम काही मिलिअँपिअर वाहू देतात. पोलादी पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला, तर तसं नाही. चार्ज बॅटरीचा अंतर्गत रोध 5 मिलिओहम धरा, पाना आणि तो टेकतो त्या दोन जागांचा मिळून आणखी 5. ओहमचा नियम लावला की 12.6 भागिले 0.01, म्हणजे 1260 अँपिअर! व्होल्टने गुणलं की सुमारे 16 किलोवॅट. आठ गिझर एकदम लावल्यासारखं. त्यातली निम्मी उष्णता बॅटरीच्या आत, उरलेली पान्यात आणि टिकलीएवढ्या दोन ठिपक्यांत. तिथला धातू वितळून पाना चिकटूनही बसतो. अंगठी आणि धातूचा घड्याळाचा पट्टा आधीच काढून ठेवायचा तो यासाठी.

आता क्रमाकडे. हल्लीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनल जाड वायरीने बॉडीला जोडलेलं असतं. म्हणजे बॉनेटखालचं उघडं लोखंड सगळं निगेटिव्हच. अशा वेळी पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना फिरून कुठेही टेकला की शॉर्ट. उलट निगेटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला लागला, तर निगेटिव्हला निगेटिव्ह लागलं, काहीच घडत नाही. ती वायर सुटली की बॉडी सर्किटबाहेर जाते. मग पॉझिटिव्हवरचा पाना खुशाल टेकू दे. फक्त तो दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडता कामा नये. बसवताना उलटा क्रम, निगेटिव्ह शेवटी. त्या वेळी बारीक ठिणगी उडतेच, आणि चार्ज होताना बॅटरीतून निघालेला हायड्रोजन हवेत 4 टक्के असला तरी पेटतो. म्हणून काम मोकळ्या हवेत, आणि बॅटरी नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर थोडं थांबून.

बाकी काम सोपं आहे. इग्निशन बंद करून काही मिनिटं जाऊ द्या. टर्मिनलला बहुधा 10 चा पाना लागतो. सुटलेली निगेटिव्ह वायर फडक्यात गुंडाळून बाजूला खोचा, नाहीतर ती स्प्रिंगसारखी परत येते. बॅटरी 12 ते 18 किलोची असते, उभीच उचला. वायरीच्या टोकाच्या क्लॅम्पवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आतून पॉलिश पेपर फिरवा. नव्या बॅटरीचे टर्मिनल जुन्याच बाजूंना हवेत, नाहीतर वायर पुरत नाही. पॉझिटिव्हचा खुंट जरा जाड असतो. क्लॅम्प बसत नसेल तर ठोकू नका, आधी खुणा बघा. उलटी जोडणी अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, डायोड जाळते. बॅटरी जागेवर धरणारी पट्टी घट्ट आवळा, हादऱ्यांनी प्लेटांवरचं द्रव्य झडतं. स्टार्ट-स्टॉप गाडीला, म्हणजे थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारीला, एजीएम किंवा ईएफबी या खास प्रकारचीच बॅटरी लागते.

सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, ही भीती जुन्या खोक्यांच्या काळातली. प्लास्टिकच्या खोक्याला ती लागू नाही. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची युक्ती मात्र खरोखर वाईट. तो भार एकदम सुटल्यावर व्होल्टेज उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जातं. साधा मल्टिमीटर टर्मिनलांना लावा: इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. 12.6 च्या आतच घुटमळत असेल, तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. नवी बॅटरीही उतरणार आहे.