मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे व्हिडिओ: डॉक्टरांसाठीचा कुठला आणि पेशंटसाठीचा कुठला

गोव्यातल्या वाळपईच्या माझ्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी व्हायचं होतं, तारीख पण मिळालेली, आणि दोन दिवस आधी मावसभावाने चांगल्या मनाने तिला यूट्यूबवरचा एक व्हिडिओ दाखवला, बघ आई किती सोप्पं असतं म्हणून. स्क्रीनभर एक उघडा डोळा, त्यात सुईसारखं काहीतरी शिरतंय, मग आतलं फोडून ओढून काढतायत. मावशीने मोबाईल उलटा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "म्हाका नाका," म्हणजे मला नको. चवथ गेली, दिवाळी गेली, ऑपरेशन तसंच राहिलं.

तो व्हिडिओ खोटा नव्हता, पण तो तिच्यासाठी बनवलेलाच नव्हता. ही गल्लत घराघरात होते, कारण सर्च केलं की दोन्ही जातीचे व्हिडिओ एकाच नावाने समोर येतात.

पहिली जात म्हणजे सर्जरीचा व्हिडिओ. डॉक्टर ज्या मायक्रोस्कोपमधून बघत ऑपरेशन करतात त्यालाच कॅमेरा जोडलेला असतो, आणि तो बघणारे असतात शिकणारे डॉक्टर. त्यांना छेद कुठे घेतला, लेन्सवरचा पातळ पडदा गोल कसा उघडला, अल्ट्रासाउंडने मोतीबिंदूचे तुकडे कसे केले (या पद्धतीलाच फेको म्हणतात) हे बघायचं असतं. आता माप बघा. बुबुळ साधारण साडेअकरा मिलिमीटरचं, आडव्या धरलेल्या मोबाईलवर ते सहा-सात सेंटीमीटरचं होतं, म्हणजे फेकोमधला अडीच मिलिमीटरच्या आसपासचा छेद तिथे दीड सेंटीमीटरचा दिसतो! घरी बसून बघणाऱ्याला ती चक्क जखम वाटते. आणि माणूस कुठेच दिसत नाही, चेहरा नाही, हात नाही, दुखतंय का विचारणारं कोणी नाही.

दुसरी जात म्हणजे पेशंटच्या तयारीचा व्हिडिओ, आणि तो टेबलावर झोपलेल्याच्या बाजूने बनवावा लागतो. मोतीबिंदूला बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत, नुसते थेंब टाकून किंवा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, म्हणजे पेशंट जागा असतो, सगळं ऐकत असतो. म्हणून इथे तयारीला एवढी किंमत. घाबरून बीपी चढलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागू शकतं, आणि मध्येच दचकून मान हलवली तर डॉक्टरांचं काम अवघड होतं.

मावशीला नंतर मी असा एक व्हिडिओ शोधून दाखवला, तिच्या शेजारी बसून, थांबवत थांबवत. तिचा खरा प्रश्न तेव्हा बाहेर आला: "मध्येच डोळा मिटला गेला तर?" सर्जरीच्या व्हिडिओत याचं उत्तर सांगत नाहीत, इथे सांगितलेलं, की पापण्या एका छोट्या क्लिपने उघड्या धरून ठेवतात, तुम्ही मिटायचा प्रयत्न केला तरी मिटत नाही. तोंडावर कापड घालतात, श्वास घ्यायला त्रास होत नाही, कोंडल्यासारखं वाटलं तर सांगायचं. डोळ्यात पाणी सोडतात ते गालावरून ओघळतं, मशीनचा आवाज मध्येमध्ये बदलतो, त्याने घाबरायचं नाही. समोर लख्ख उजेड आणि रंग हलताना दिसू शकतात, डोळा बाहेर काढून ठेवतात वगैरे जे गावात बोलतात ते साफ चूक. खोकला येतोय वाटलं तर आधी सांगायचं, डॉक्टर हात थांबवतात. मावशीला खोकल्याचाच त्रास, हे वाक्य तिने दोनदा ऐकलं.

चांगला व्हिडिओ घरच्यांना पण कामाला लावतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या असं सांगतो, खास करून पुरुषांची प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडतो आणि डॉक्टरांना ते आधीच माहीत हवं (गोळी आपल्या मनाने बंद करू नका मात्र). नंतरचे ड्रॉप्स कसे टाकायचे, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून आंघोळ कधी, चुलीच्या धुरापुढे बसायचं का, हे सगळं त्यात हवं.

आपल्याकडे गोव्यात भाषेचा घोळ वेगळाच. मावशी सकाळी मराठी पेपर वाचते, घरात कोकणी बोलते, आणि हॉस्पिटलच्या टीव्हीवर चाललेला व्हिडिओ होता इंग्लिश, खाली बारीक अक्षरात सूचना. अरे, जिला मोतीबिंदू आहे तिला ती बारीक अक्षरं दिसणार कशी? त्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकून बसवलेलं, म्हणजे जवळचं आणखीच धुरकट. मला याचं फार वाईट वाटलं. या पेशंटसाठी व्हिडिओ म्हणजे आधी आवाज, सावकाश आणि आपल्या भाषेतला, आणि तो दोन-चार दिवस आधी घरी बघायला मिळायला हवा.

अजून एक. तयारीचा व्हिडिओ बघितला म्हणजे संमतीचं बोलणं झालं असं नाही. समीरा कोहली केसमध्ये 2008 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पेशंटला पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यायची, आणि तुमच्या डोळ्यात काय धोका आहे, शुगर आहे का, डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) कसा आहे हे व्हिडिओला माहीत नसतं. शिवाय बांबोळीला करा, म्हापशाला करा की फोंड्याला प्रायव्हेटमध्ये, कुठे थेंबांवर करतात कुठे इंजेक्शन देतात, कुठे फेको तर कुठे मोठ्या छेदाची बिनटाक्याची पद्धत, त्यामुळे जिथे ऑपरेशन आहे तिथल्यांनाच विचारा की तुमचा स्वतःचा व्हिडिओ आहे का.

मावशीचा उजवा डोळा फेब्रुवारीत झाला. टेबलावर खोकला आलाच, तिने आधी सांगितलं, डॉक्टर थांबले, मग परत सुरू केलं. आता डाव्याची तारीख घ्यायची आहे, आणि शेजारच्या काकींना ती स्वतःच बसवून सांगते, क्लिप लावतात गो, डोळा मिटत नाही.