नाव न घेणारी गाणी : जपानी शीतपेयांच्या जाहिरातींची पार्श्वभूमी

जपानमध्ये खासगी रेडिओ सुरू झाला १ सप्टेंबर १९५१ रोजी. तोवर प्रसारण म्हणजे एनएचके ही सार्वजनिक प्रसारण संस्था, आणि तिथे जाहिरातींना मज्जाव. खासगी केंद्रं सुरू झाली त्याच महिन्यात देशातलं पहिलं जाहिरातगीत वाजलं. ते कोनिशिरोकु कंपनीच्या साकुरा फिल्मसाठी होतं, हौशी फोटोग्राफरची फजिती सांगणारं. शब्द आणि चाल मिकी तोरिरो यांची, आवाज हाइदा कात्सुहिको यांचा. मजा म्हणजे त्यात फिल्मचंही नाव नव्हतं आणि कंपनीचंही.

पुढे शीतपेयांच्या गाण्यांनी जो प्रवास केला, तो फिरून याच जागी येतो. पण मधली वीस वर्षं वेगळी होती.

मिकी तोरिरो हे टोकियो विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. युद्धानंतर एनएचकेवर त्यांचा रविवारचा विनोदी कार्यक्रम तुफान चालला. सरकारची यथेच्छ टोपी उडवणारा हा कार्यक्रम १९५२मध्ये बंद झाला. तोवर मिकींना खासगी रेडिओचं दार उघडलं होतं. राजकारण्यांवर टिंगलगाणी रचणारा माणूस आता साबण आणि सरबतांवर गाणी रचू लागला. त्यांच्या पिढीने पन्नास-साठच्या दशकांत केलेली जाहिरातगीतं म्हणजे उखाणेच. कुठल्या ना कुठल्या ओळीत मालाचं नाव यायलाच हवं. किरिन लेमनचं त्यांचं गाणं तर जवळजवळ नावाच्या पुनरावृत्तीवरच उभं आहे. वातानाबे कंपनीच्या ज्यूस पावडरीची जाहिरात गायली एनोकेन यांनी. युद्धापूर्वी टोकियोच्या आसाकुसा भागातले हे गाजलेले विनोदवीर, आणि त्यांच्या घोगऱ्या आवाजात ती पावडर घराघरांत पोचली. १९६९मध्ये जपानने सायक्लामेट या कृत्रिम गोडव्यावर बंदी घातली आणि पाण्यात कालवायच्या अशा पावडरींचा धंदा बसला. गाणं मात्र त्या पिढीच्या तोंडी राहिलं.

कोकाकोलाने साठच्या दशकात 'सुकात्तो सावायाका', म्हणजे साधारण 'एकदम ताजंतवानं', हे घोषवाक्य आणलं आणि कायामा युझो यांच्यासारखा सिनेमातला देखणा नट-गायक जाहिरातीत उभा केला. इथेही नाव घेतलं जातच होतं, फक्त ते घेणारा माणूस आता तरुणांचा नायक होता.

खरं वळण आलं १९७३मध्ये, मित्सुया सायडरमुळे. हे दारूचं सायडर नव्हे. जपानात सायडर म्हणजे गोड सोडा. हा ब्रँड मेजी काळापासूनचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला, त्यामुळे आजोबांच्या जमान्यातलं पेय अशीच त्याची ओळख होती. ते तरुणांच्या हातात द्यायचं होतं. जाहिरात-संगीताचे निर्माते ओमोरी अकिओ यांनी हे काम ओताकी एइइची यांना दिलं. ओताकींचा 'हॅपी एंड' हा बँड नुकताच फुटला होता. जपानी भाषेत रॉक जमतं हे दाखवून देणारा बँड म्हणून आज त्याची पूजा होते. त्या वेळी रेकॉर्डची विक्री बेताचीच होती. इतो आकिरांच्या शब्दांना ओताकींनी साठच्या दशकातल्या अमेरिकन पॉपचा साज चढवला, स्वतः गायलं आणि गाण्याचं नाव ठेवलं 'सायडर '७३'. वर्षाचा आकडा नावातच! पुढच्या वर्षी '७४, मग '७५. १९७६चं गाणं यामाशिता तात्सुरो यांनी केलं. आज यूट्यूबवर 'सिटी पॉप', म्हणजे त्या काळचं शहरी जपानी पॉप, शोधणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही हे नाव ठाऊक असतं. १९७७मध्ये ओताकींनी आपल्या जाहिरातगीतांचा चक्क स्वतंत्र अल्बम काढला.

माझ्या मते जपानी पॉपच्या इतिहासात या काही सेकंदांच्या गाण्यांना मिळते त्यापेक्षा मोठी जागा मिळायला हवी. रेकॉर्ड न खपणाऱ्या संगीतकाराला चांगला स्टुडिओ, चांगले वादक आणि प्रयोगाची मुभा कोण देणार? सोड्याच्या कंपनीने दिली. ओताकींना मोठं यश मिळालं ते थेट १९८१मध्ये, 'अ लाँग व्हेकेशन' या अल्बमने. तोवरच्या कोरड्या वर्षांत जाहिराती होत्या.

आणि हे शीतपेयांच्याच बाबतीत का घडलं, याचं उत्तर गाण्यांच्या नावातल्या त्या वर्षाच्या आकड्यात आहे. टूथपेस्ट बारा महिने विकली जाते, तिचं गाणं एकदा बसलं की दहा वर्षं चालतं. शीतपेयाचा धंदा उन्हाळ्याचा. दर उन्हाळ्याला नवी जाहिरात, नवा चेहरा, नवी चाल. शिवाय एका सोड्याची चव दुसऱ्यापेक्षा किती वेगळी असणार? विकायचा होता तो उन्हाळाच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शिसेइदो आणि कानेबो या सौंदर्यप्रसाधन कंपन्यांनीही हंगामी मोहिमांना गाणी जोडली आणि त्यातली काही विक्रीच्या यादीत वर चढली. रेकॉर्ड कंपन्यांच्या ध्यानात आलं की जाहिरात म्हणजे गाण्याचाच फुकटचा प्रचार. या व्यवहाराला तिथे 'टाय-अप' म्हणतात.

१९८७मध्ये कोकाकोलाने 'आय फील कोक' ही मोहीम सुरू केली. चाल इनोउए दाइसुके यांची, गाणाऱ्यांत सातो चिकुझेन. ऐन बबलचा, म्हणजे शेअर-जमिनींचे भाव फुगलेले असण्याचा काळ, टोकियोत पैसा वाहत होता. ऑफिसातून बाहेर पडणारी हसरी तरुण मंडळी, समुद्र, ऊन. त्या वर्षांची आठवण काढणारे जपानी लोक आजही याच जाहिराती पुन्हा पुन्हा बघतात.

पण टाय-अपचा कळस पाहायचा तर पोकारी स्वेट पाहावं. ओत्सुका फार्मास्युटिकलने १९८०मध्ये आणलेलं हे पेय म्हणजे जवळजवळ पिण्याचं सलाईन. १९९२च्या उन्हाळ्यात त्याच्या जाहिरातीला ओदा तेत्सुरो यांनी स्वतः रचलेलं आणि गायलेलं गाणं होतं. ते ओरिकॉनच्या, म्हणजे रेकॉर्ड-विक्रीच्या, यादीत पहिलं आलं. १९९३मध्ये झार्ड या बँडचं 'युरेरु ओमोइ', १९९४मध्ये दीनचं 'हितोमी सोरासानाइदे', १९९५मध्ये फील्ड ऑफ व्ह्यूचं 'तोत्सुझेन', १९९६मध्ये पुन्हा झार्ड. पाचही वर्षं चाल ओदांचीच, आणि १९९३पासूनच्या चारही गाण्यांचे शब्द झार्डच्या गायिका साकाई इझुमी यांचे. १९९३ ते १९९५च्या तिन्ही गाण्यांच्या प्रत्येकी दहा लाखांहून जास्त सीडी खपल्या.

यातल्या एकाही गाण्यात पोकारीचं नाव नाही, तहानेचा उल्लेख नाही. आहे ते पहिलं प्रेम, निळं आकाश आणि थोडी हुरहुर. 'युरेरु ओमोइ' तर थेट मुखड्यानेच सुरू होतं. जपानी टीव्हीवरची जाहिरात बहुधा पंधरा सेकंदांची. त्यात मुखडा बसला की काम झालं, असा हिशेब तेव्हाच्या कितीतरी गाण्यांच्या बांधणीत दिसतो. साकाई टीव्हीवर अगदी क्वचित दिसत. त्यामुळे कितीतरी लोकांना झार्ड भेटायची ती पोकारीच्या निळ्या-पांढऱ्या जाहिरातीत. कोण कोणाला विकत होतं, हे सांगणं अवघड.

त्याच सुमारास सनटोरीच्या ऊलाँग चहाने जुनी जपानी लोकप्रिय गाणी चिनी भाषेत गाऊन घेतली. २००० साली जॉर्जिया या डबाबंद कॉफीने साकामोतो क्यु यांचं १९६३चं 'आशिता गा आरु सा' पुन्हा बाहेर काढलं. त्याचे गीतकार आओशिमा युकिओ मधल्या काळात टोकियोचे गव्हर्नर होऊन गेले होते! नोकऱ्या जात होत्या, कंपन्या बुडत होत्या, आणि 'उद्याचा दिवस आहेच की' म्हणणारं गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. उल्फुल्स आणि री:जपान अशा दोन चमूंची त्याची नवी रूपं गाजली.

रीगेनचं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होत नाही, जरी ते शक्तिवर्धक असलं, शीतपेय नव्हे. १९८९मध्ये त्याच्या जाहिरातीत नोकरदारांना 'चोवीस तास लढू शकता का?' असं विचारणारं जोशपूर्ण कूच-गीत होतं, आणि तो वर्षाचा परवलीचा शब्दच झाला. दहा वर्षांनी, १९९९मध्ये, त्याच नावाच्या गोळ्यांच्या जाहिरातीला साकामोतो र्युइची यांचा 'एनर्जी फ्लो' हा संथ पियानो होता. शब्द एकही नाही. तो ओरिकॉनमध्ये पहिला आला.

२०१८मध्ये किरिन लेमनला नव्वद वर्षं झाली तेव्हा मिकींचं ते जुनं, नाव घेणारं गाणं बिश या मुलींच्या बँडकडून नव्याने गाऊन घेतलं गेलं. पोकारी मात्र आपल्या वाटेने पुढे गेलं. २०२१च्या वसंतातल्या त्याच्या जाहिरातीत गणवेशातली एक मुलगी लाटांसारख्या हलणाऱ्या शाळेच्या व्हरांड्यातून धावत जाते आणि मागे 'ब्लू सोल्स' वाजतं. गाण्यात पेयाचं नाव नव्हतंच. सुरुवातीला गाणाऱ्यांचंही सांगितलं नव्हतं, नुसतं 'ए_ओ'. ऐना दि एंड आणि रॉथ बार्ट बॅरन ही नावं नंतर जाहीर झाली. ऐना तेव्हा त्याच बिशमध्ये होती.