विजेचा जन्मदाखला

‘शंभर टक्के हरित वीज’ पुरवणाऱ्या कंपनीकडे नाव नोंदवलं, की घराकडे येणाऱ्या तारेत काय बदलतं? काहीच बदलत नाही. मीटर तोच, खांब तोच, आणि शेजाऱ्याच्या घरात जाते तीच वीज आपल्याही घरात येते.

यात कुणाची लबाडी नाही, विजेचा स्वभावच तसा आहे. आपल्या मनात चित्र असतं ते नळाच्या पाण्याचं: वीजकेंद्रातून इलेक्ट्रॉन निघाले आणि वाहत वाहत घरी पोचले. प्रत्यक्षात घरगुती वीज सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळा उलटसुलट होत असते. तारेतले इलेक्ट्रॉन त्या तालावर जागच्या जागी मागेपुढे होतात, आणि ही हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असते. वाटेत ट्रान्सफॉर्मर लागतात. त्यांच्या एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात तर एकही इलेक्ट्रॉन ओलांडून जात नाही. ऊर्जा पलीकडे पोचते ती चुंबकीय क्षेत्राच्या वाटेने. म्हणजे पवनचक्कीतला इलेक्ट्रॉन आपल्या दिव्यापर्यंत येतच नाही, आणि कोळशाच्या केंद्रातलाही येत नाही.

मग हरित पुरवठादार विकतो तरी काय? ग्रिड, म्हणजे सगळी वीजकेंद्रं आणि घरं जोडणारं तारांचं जाळं, हा सगळ्यांचा सामायिक हौद समजा. कोळसा, अणू, वारा, ऊन असे सगळे जण त्यात ओततात आणि सगळे त्यातून उपसतात. आत गेलेलं पाणी वेगळं काढता येत नाही, पण कोणी किती ओतलं आणि कोणी किती उपसलं याची वही ठेवता येते. पुरवठादार ती वही सांभाळतो. माझा ग्राहक जेवढं उपसेल, तेवढं अक्षय स्रोतातून ओतलं गेलं असेल, हा त्याचा शब्द. त्या शब्दाची किंमत किती, हे वही कशी लिहिली आहे त्यावर ठरतं.

युरोपात या वहीला कायद्याचा आधार आहे. पवनचक्कीने किंवा धरणाने एक मेगावॉट-तास, म्हणजे १००० युनिट वीज तयार केली, की उत्पादकाला उगमाचा एक दाखला मिळतो. हा त्या विजेचा जन्मदाखलाच. पण गंमत अशी, की तो विजेपासून सुटा करून वेगळा विकता येतो. एखादा पुरवठादार बाजारातून मिळेल ती वीज घेतो, तेवढ्याच युनिटांचे दाखले वेगळे विकत घेतो आणि ग्राहकाला हरित वीज दिल्याचं सांगतो. नियमाप्रमाणे ते खरंही असतं.

हे कुठवर जाऊ शकतं ते आइसलँडमध्ये दिसतं. तिथली जवळजवळ सगळी वीज धरणांतून आणि जमिनीखालच्या उष्णतेतून तयार होते. या बेटावरून दुसऱ्या कोणत्याही देशात वीज नेणारी केबल नाही, तिथली वीज तिथेच वापरली जाते. दाखले मात्र समुद्र ओलांडून गेले, कारण युरोपातल्या पुरवठादारांनी ते विकत घेतले. विकलेल्या दाखल्यांच्या जागी युरोपातली दाखल्याविना उरलेली वीज वहीत आइसलँडच्या नावावर लागली. परिणाम असा झाला, की कागदोपत्री तिथली जनता कोळशाची आणि अणुकेंद्रांची वीज वापरू लागली. त्या देशात एकही अणुकेंद्र नाही! शिवाय तिथले उद्योग आपण स्वच्छ विजेवर चालतो असं सांगतच होते, म्हणजे एकाच विजेचं पुण्य दोघांच्या खात्यावर जमा होत होतं. अखेर २०२३ मध्ये युरोपातली दाखल्यांची देवघेव सांभाळणाऱ्या संस्थेने आइसलँडच्या दाखल्यांची निर्यात काही काळ थांबवली.

मला यात दुहेरी मोजणीपेक्षा मोठी खोट वेगळीच दिसते. चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं धरण दाखला विकला गेला तरी चालतं आणि नाही गेला तरी चालतं. त्या पैशातून नवी पवनचक्की उभी राहत नाही आणि कोळशाचं एकही पोतं वाचत नाही. जगातल्या विजेत त्या ग्राहकामुळे काही फरक पडला का, एवढाच प्रश्न विचारायचा असतो, आणि अशा ठिकाणी उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असं येतं.

फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी, बँकेत. कोळशाच्या केंद्राला रोज इंधन लागतं, त्यामुळे त्याचा खर्च वर्षानुवर्षं पसरलेला असतो. पवनचक्कीचं तसं नाही. वारा फुकट, पण पाया, मनोरा, पाती, जनित्र या सगळ्याचा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो आणि तो कर्जातून होतो. म्हणून पवनविजेच्या एका युनिटची किंमत वाऱ्याइतकीच व्याजदरावरही ठरते. कर्ज देणारा अधिकारी विचारतो, पुढची पंधरा वर्षं ही वीज कोण घेणार आणि कोणत्या भावाने? पुरवठादाराने पंधरा वर्षांच्या खरेदी करारावर सही केलेली असली, की कर्ज मिळतं आणि स्वस्तात मिळतं. सही नसेल तर तीच पवनचक्की कागदावर राहते. उरलेला दाखला बाजारातून उचलणारा पुरवठादार आणि अजून न उभ्या राहिलेल्या पवनचक्कीशी करार करणारा पुरवठादार, दोघांच्या जाहिरातीत ‘शंभर टक्के’ हे शब्द सारखेच असतात. त्यांच्या कामात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे.

सही करणं सोपं नसतं, कारण मघाच्या हौदाला एक विलक्षण अट आहे: त्यात पाणी साठत नाही. ओतलं त्याच क्षणी उपसलं गेलं पाहिजे, नाहीतर ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला पन्नास किंवा साठ वेळांचा तो ताल, हलते. म्हणून पुरवठादाराला उद्या कोणत्या तासाला आपले ग्राहक किती वीज वापरतील आणि आपल्या पवनचक्क्या किती देतील, याचा अंदाज आदल्या दिवशीच बांधावा लागतो. वाऱ्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते. वेगाचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, वारा ठरल्यापेक्षा तेवढाच मंद निघाला, तर हाती येणारी ताकद सत्तावीस टक्क्यांनी घटते. हा खड्डा आयत्या वेळी महागडी वीज घेऊन भरावा लागतो. हवामानाचा अंदाज घेणारी माणसं अशा कंपनीत हिशेबनिसांइतकीच मोलाची असतात ती यामुळेच.

सूर्याचं दुखणं उलटं आहे. दुपारी सगळे सौर प्रकल्प एकदमच भरात येतात आणि भाव कोसळतो. २०२४ मध्ये जर्मनीच्या घाऊक बाजारात ४५० हून अधिक तास विजेचा भाव शून्याच्या खाली होता. वीज घ्या आणि वर पैसेही घ्या, अशी स्थिती. वर्षभराची बेरीज जुळवणाऱ्या दाखल्यांच्या वहीत यातलं काहीच दिसत नाही. जुलैच्या दुपारच्या उन्हाचा दाखला जानेवारीच्या रात्रीच्या विजेला लावला तरी हिशेब बरोबरच येतो. म्हणून आता काही मोठे ग्राहक तासागणिक जुळणीची मागणी करू लागले आहेत. चोवीस तास, दर तासाला, आपण जिथे वीज वापरतो त्याच ग्रिडवर कार्बनमुक्त वीज, हे ध्येय गूगलने २०२० मध्ये २०३० सालासाठी जाहीर केलं. या वाटेने जाणाऱ्या पुरवठादाराला बॅटऱ्या लागतात, वारा आणि ऊन दोन्ही लागतं, आणि भाव उतरलेल्या तासांत गाडी चार्ज करायला तयार असणारे ग्राहकही लागतात.

हा धंदा जपून केला नाही तर काय होतं, ते ब्रिटनने २०२१ मध्ये पाहिलं. घाऊक बाजारात विजेचा भाव ठरतो तो मागणी पुरी करायला शेवटी चालवाव्या लागणाऱ्या, सर्वांत महाग केंद्रावर. ब्रिटनमध्ये हे केंद्र बहुतेक वेळा नैसर्गिक वायूचं असतं. वायूचा भाव भडकला आणि त्याच्याबरोबर वाऱ्याच्या विजेचाही बाजारभाव चढला. ग्राहकांकडून घ्यायच्या दराला सरकारी कमाल मर्यादा होती. ज्यांनी पुढची वीज आधीच घेऊन ठेवली नव्हती, त्यांना महाग घेऊन स्वस्त विकावं लागलं. त्या वर्षात दोन डझनांहून अधिक पुरवठादार बुडाले. बल्ब ही १५ लाखांहून अधिक ग्राहकांची कंपनी नोव्हेंबरमध्ये सरकारच्या देखरेखीखाली गेली. ती अक्षय विजेच्या नावावरच वाढली होती. बुडालेल्यांच्या ग्राहकांची घरं अंधारात गेली नाहीत, त्यांना दुसऱ्या कंपन्यांनी सामावून घेतलं, पण तो खर्च शेवटी सगळ्यांच्या बिलांत वाटला गेला. ज्यांनी हरित वीज कधी मागितलीच नव्हती, त्यांच्याही. माझ्या मते पुरवठादाराची पहिली सामाजिक जबाबदारी हीच, की दिलेला शब्द निभावण्याइतका जम त्याने आधी बसवावा.

जम कसा बसवतात हे पाहायचं तर शोनाऊला जायला हवं. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधलं जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला आणि किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर दक्षिण जर्मनीत उतरली. मुलांना वाळूत खेळू द्यायचं का, दूध पाजायचं का, हे रोजचे प्रश्न झाले. उर्सुला स्लाडेक या पाच मुलांच्या आई आणि त्यांचे डॉक्टर पती मिखाएल यांनी इतर पालकांना जमवून एक गट केला. सुरुवात साधीच होती: घरोघरी वीज बचतीच्या स्पर्धा. वीज कंपनीला त्यात रस नव्हता. तिची कमाई विजेच्या विक्रीवर होती, बचतीवर नव्हे. इथे या मंडळींच्या लक्षात आलं, की गावातल्या तारा ज्याच्या मालकीच्या, त्याचंच धोरण चालणार.

गावात तारा टाकण्याचा परवाना ग्रामपरिषद देत असे. कंपनीने १९९० मध्ये सांगितलं, मुदतीआधीच वीस वर्षांचं नूतनीकरण करा, गावाला एक लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन) जादा देतो. नागरिकांनी तेवढेच एक लाख मार्क आपसांत उभे केले आणि सही करू नका म्हणून परिषदेपुढे ठेवले. प्रकरण १९९१ मध्ये सार्वमताला गेलं, नागरिक जिंकले. त्यांनी स्वतःची वीज कंपनी काढली. विरोधकांनी १९९६ मध्ये पुन्हा सार्वमत घ्यायला लावलं. घराघरांत दोन तट पडले होते. ५२ टक्क्यांच्या थोड्याशा बहुमताने नागरिक पुन्हा जिंकले. मग जुन्या मालकाने तारांची किंमत सांगितली ८७ लाख मार्क, या मंडळींच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. त्यांनी देशभर देणग्यांची मोहीम काढली. तिचं घोषवाक्य होतं, ‘मी एक बिघाड आहे’. जर्मनीत हा शब्द अणुकेंद्रातल्या बिघाडासाठी वापरतात. त्याच्यासोबत साध्या, हसऱ्या माणसांचे फोटो होते. किंमत पुढे उतरली, पैसे जमले, आणि १ जुलै १९९७ रोजी गावाची वीजव्यवस्था गावकऱ्यांच्या कंपनीच्या हाती आली.

पुढच्याच वर्षी जर्मनीत पुरवठादार निवडण्याची मुभा सगळ्यांना मिळाली आणि ही चिमुकली कंपनी देशभर वीज विकू लागली. ग्राहकाच्या दर युनिटमागे एखाददुसरा सेंट बाजूला काढायचा आणि त्यातून नव्या लहान प्रकल्पांना मदत करायची, ही तिची पद्धत. त्याला तिथे ‘सूर्याचा सेंट’ म्हणतात. वीज घेताना उत्पादकाच्या मालकीत अणुकेंद्रवाल्यांचा हिस्सा नाही ना, हेही ती पाहते. म्हणजे बिलातले पैसे कुठे जातात, याचा माग ती शेवटपर्यंत काढते. उर्सुला स्लाडेक यांना २०११ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडलग्रुंडन इथेही असंच घडलं. मूळ आराखडा तीन रांगांतल्या २७ पवनचक्क्यांचा होता. जनसुनावण्या झाल्या, लोकांनी हरकती घेतल्या, आणि २००० साली उभ्या राहिल्या त्या २०, किनाऱ्यावरून डोळ्यांना सुखावेल अशा एका हलक्या वळणात. त्यातल्या दहांची मालकी सुमारे साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेली. ज्याचा हिस्सा आहे त्याला पवनचक्कीचा आवाज कमी येतो असं नाही, पण तिच्याविषयी निर्णय होताना तो खोलीत हजर असतो.

नॉर्वेच्या फोसेन भागात मात्र सामी या तिथल्या मूळनिवासी लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही. तिथल्या डोंगरपठारांवर पिढ्यानपिढ्या सामींचे रेनडियरचे कळप हिवाळ्यात चरतात. वाऱ्याने बर्फ उडून गेलेल्या उंच जागी त्यांना दगडफूल मिळतं, आणि पवनचक्क्यांना हव्या असतात त्याही अशाच वाऱ्याच्या जागा. रोआन आणि स्टूरहेया इथे १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. रेनडियर फिरत्या पात्यांच्या जवळ जात नाहीत, त्यामुळे पठार असूनही चराई संपली. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की या परवान्यांनी सामींचा आपली संस्कृती जगण्याचा हक्क मोडला आहे. निकालानंतर पाचशे दिवस उलटले तरी पाती फिरतच होती. तेव्हा २०२३ च्या फेब्रुवारीत सामी तरुण-तरुणी ऑस्लोतल्या मंत्रालयात ठाण मांडून बसले. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण फोसेनच्या आणि मार्च २०२४ मध्ये उत्तर फोसेनच्या कळपवाल्यांशी तडजोड झाली. दक्षिणेच्या करारात विजेतला वाटा आणि हिवाळ्यासाठी दुसरी चराऊ जमीन देण्याचं ठरलं. पवनचक्क्या जागेवरच राहिल्या. निकालाच्या आधी काय आणि नंतर काय, तिथल्या दर हजार युनिटांमागे उगमाचा दाखला मागता येतोच, आणि त्यावर स्रोताच्या रकान्यात एकच शब्द असतो: वारा.