लॅपटॉप झोपेत मेला, की जागा होऊन अंधारात बसलाय?

रात्री अपडेट झालं, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, सगळं ठाकठीक वाटलं. तुम्ही झाकण मिटलंत. सकाळी उघडलं तर स्क्रीन काळी. दोन-चार कळा दाबल्या, टचपॅडवर बोट फिरवलं, ढिम्म काही नाही. मग सगळे करतात तेच तुम्हीही केलंत. पॉवरचं बटण दाबून धरलं, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि जाहीर केलं, ‘अपडेटनंतर लॅपटॉप स्लीपमध्ये क्रॅश होतोय.’

होत असेलही. पण त्या काळ्या स्क्रीनमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे लॅपटॉप खरंच गेलेला असतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, थांबलेला, कुणालाच उत्तर देण्याच्या स्थितीत नसलेला. दुसरी म्हणजे तो वेळेवर जागा झालेला असतो, कीबोर्डचं ऐकतही असतो, फक्त स्क्रीन पेटलेली नसते. समोरून बघताना दोन्ही हुबेहूब सारखं दिसतं. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारं हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) अडकलेला असताना रॅम बदलायला निघणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यात बटण दाबून धरलं की दोन्हींतला फरक दाखवणारा पुरावा बराचसा आपणच पुसून टाकतो.

तेव्हा पुढच्या वेळी स्क्रीन काळी दिसली की मिनिटभर हात आवरा. कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे, कारण तो दिवा ऑपरेटिंग सिस्टिमच लावते. (काही कीबोर्डवर हा दिवाच नसतो, मग हा प्रयोग बाद.) लिनक्सवर तोच दिवा कुणी हात न लावता लुकलुकत असेल तर उलटी गोष्ट, तो कर्नल पॅनिक आहे, म्हणजे कर्नलच कोसळलाय. विंडोजवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. छोटीशी ‘बीप’ ऐकू आली आणि स्क्रीन परतली तर निदान झालंच. लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराचा पडदा येतो का बघा. आवाज वाढवायची कळ दाबली तर टिकटिक होते का? बाहेरचा मॉनिटर जोडला तर चित्र येतं का? घरातल्या दुसऱ्या मशीनवरून पिंग केल्यावर, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारल्यावर, उत्तर मिळतं का? यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर लॅपटॉप मेलेला नाही. अंधारात बसलाय.

हे करायचं राहिलं आणि बटण दाबून झालं, तरी सगळं संपलं असं नाही. विंडोज नोंदी ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जखाली सिस्टिम निवडा. तिथं कर्नल-पॉवर या नावाची ४१ क्रमांकाची लाल नोंद हमखास सापडते आणि बहुतेकांचा शोध तिथंच संपतो. ‘बघा, क्रॅशच होता.’ वास्तविक ४१ एवढंच सांगते की मागच्या खेपेला मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी ४१, बॅटरी संपून वीज गेली तरी ४१. मी स्वतः एकदा आठवडाभर एका ‘क्रॅश’च्या मागे होतो. शेवटी त्या आठवड्यातल्या सगळ्या ४१ माझ्याच अंगठ्याच्या निघाल्या.

म्हणून ४१ च्या पोटात शिरायचं. नोंदीच्या डिटेल्समध्ये तीन रकाने बघा : बगचेककोड, स्लीपइनप्रोग्रेस (मशीन तेव्हा झोपण्या-उठण्याच्या मधे होतं का) आणि पॉवरबटणटाइमस्टँप. शेवटच्यात शून्याखेरीज काही असेल तर बटण माणसानं दाबून धरलं होतं. बगचेककोड शून्य असेल तर निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्यावर येणारा तो एरर स्क्रीन, आल्याची नोंद नाही. तिथं १५९ दिसलं तर मात्र दिशा मिळाली. निळ्या पडद्यावर हाच आकडा सोळाच्या पायानं ९एफ असा येतो. त्याचं नाव ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’. झोपायला किंवा उठायला सांगितल्यावर कुठल्यातरी ड्रायव्हरनं वेळेत होकार दिला नाही, असा त्याचा अर्थ.

मग ४१ च्या वरखाली काय आहे ते वाचा. समजा रात्री ११:३८ ला ४२ ही नोंद आहे, म्हणजे सिस्टिम स्लीपमध्ये चालली आहे. त्यानंतर सकाळी ७:०९ ला थेट ४१, मधे शुकशुकाट. इथं लॅपटॉप झोपताना, झोपेत किंवा उठता-उठता गेला असण्याची शक्यता मोठी. आता दुसरा प्रकार. ११:३८ ला ४२, ७:०५ ला १०७ म्हणजे सिस्टिम स्लीपमधून परतली, सोबत पॉवर-ट्रबलशूटरची १ क्रमांकाची नोंद, आणि ७:०९ ला ४१. त्या मधल्या चार मिनिटांत तुम्ही कळा बडवत होतात आणि लॅपटॉप पलीकडे जागाच होता. ४१ ची वेळ पुढच्या बूटची असते, मरणाची नाही, हे विसरू नका. मरणाची साधारण वेळ ६००८ या नोंदीच्या मजकुरात मिळते.

एक सावधगिरी. १०७ नाही म्हणून लॅपटॉप उठलाच नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. कधी एसएसडीच झोपेतून परतत नाही. मग कर्नल जागा, पण नोंद लिहायला जागाच नाही. कॅप्स लॉकचा दिवा लागतो आणि लॉग मात्र कोरा, अशी विचित्र जोडी दिसली तर संशय डिस्कवर आणि तिच्या फर्मवेअरवर (हार्डवेअरच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर) घ्या.

स्क्रीन काळी नसून थेट लॉगिनचा पडदा आला आणि उघडे प्रोग्रॅम गायब असतील तर? मग बहुधा निळा पडदा येऊन लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला. पण १०७४ ची नोंद आहे का ते आधी बघा. ती असेल तर अपडेटनंच रात्री रीतसर रीस्टार्ट केलाय आणि तुम्ही नसलेल्या आजाराचं औषध शोधताय.

आता ‘झोपेत’ या शब्दाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत इथं आहे. स्लीपचे दोन प्रकार आहेत. जुना एस३. त्यात प्रोसेसर बंद, पंखा बंद, फक्त रॅमला धुगधुगीपुरती वीज. नवा प्रकार मॉडर्न स्टँडबाय किंवा एस० लो पॉवर आयडल, विंडोज १० पासूनचा. त्याचा पूर्वज कनेक्टेड स्टँडबाय विंडोज ८ मध्ये आला होता. यात स्क्रीन विझते, पण सिस्टिम पूर्ण थांबत नाही. मधूनमधून उठून काहीबाही करते आणि पुन्हा पेंगते.

या फरकाचा निदानाशी थेट संबंध आहे. एस३ मध्ये प्रोसेसर चालतच नसतो, त्यामुळे मध्यरात्री सॉफ्टवेअर क्रॅश व्हायला तिथं कुणी जागंच नसतं. एस३ चा ‘झोपेतला क्रॅश’ बहुतेकदा आत जाताना किंवा बाहेर येताना होतो. उंबरठ्यावरचा अपघात म्हणा. मॉडर्न स्टँडबायमध्ये मात्र पहाटे तीनला वायफायचा ड्रायव्हर काम करत असू शकतो आणि तिथंच कोसळू शकतो. बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तापून निघतो तोही याच प्रकारात, आणि बॅटरी शून्यावर येऊन तो मेला तर ते क्रॅशसारखंच दिसतं. चार्जर लावल्याशिवाय चालूच होत नसेल तर आधी हीच शंका घ्या.

तुमच्याकडे कुठला प्रकार आहे? कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून, जागा सोडून, स्लॅश आणि ए लिहा. उपलब्ध प्रकारांची यादी येते. ए ऐवजी स्लीपस्टडी लिहिलंत तर मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर झोपेच्या सत्रांचा अहवाल तयार होतो. किती वेळ झोपला, किती बॅटरी गेली, कोण जागं ठेवत होतं, सगळं. मॉडर्न स्टँडबायमध्ये जाण्याची नोंद ५०६ आणि बाहेर पडण्याची ५०७ असते, तेव्हा अशा मशीनवर ४२ आणि १०७ शोधत बसू नका. लिनक्सवर सिस फोल्डरमधल्या पॉवरखालची मेम_स्लीप ही फाइल वाचा. एस२आयडल आणि डीप यांपैकी जे चौकटी कंसात आहे ते सध्या वापरात आहे. डीप म्हणजे एस३. बूट करताना मेम_स्लीप_डीफॉल्ट या पॅरामीटरनं ते बदलता येतं, अर्थात फर्मवेअर एस३ देत असेल तरच. अपडेटबरोबर कधीकधी बायोस, म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअरही बदलतं, म्हणून ही यादी अपडेटनंतर पुन्हा बघावी.

अपडेट दोषी आहे का, हे ठरवायला लिनक्सवर सोपं आहे. ग्रबमधून, म्हणजे बूट होतानाच्या मेन्यूतून, जुना कर्नल निवडून दोन-तीनदा झोपवून बघायचं. विंडोजवर आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन अपडेटसोबत बदललेला ड्रायव्हर मागे न्या. लॅपटॉप जागा होऊन अंधारात बसत असेल तर ग्राफिक्सचा, तोही निर्मात्यानं त्या मॉडेलसाठी दिलेला. खरा क्रॅश असेल आणि १५९ दिसत असेल तर वायफाय, ब्लूटूथ, डॉक, यूएसबीवर टांगलेलं काहीही. सगळं काढून झोपवा आणि एकेक परत जोडा. मिनीडंप फोल्डरमधली (क्रॅशच्या वेळची) फाइल विनडीबीजी या मायक्रोसॉफ्टच्या तपासाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर अडलेल्या ड्रायव्हरचं नाव बहुधा थेट मिळतं, अंदाज बांधत बसावं लागत नाही. मोठं फीचर अपडेट असेल तर एरवी १० दिवसांपर्यंत मागे जाता येतं, तेव्हा निदान लांबवत बसू नका.

मॅकवर टर्मिनलमध्ये पीएमसेट, मग उणे चिन्हासह जी आणि पुढे लॉग लिहिलं की झोपण्या-उठण्याचा इतिहास वाचायला मिळतो. तर्क तोच.

तोवर काम चालू ठेवायचं असेल तर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट लावा. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरतं आणि मशीन पूर्ण बंद होतं. यातून थोडं निदानही होतं. हायबरनेट सुरळीत चाललं आणि फक्त स्लीप बिघडलं तर संशय स्लीपच्या त्या विशिष्ट प्रकारावर आणि फर्मवेअरवर जातो. हायबरनेटमध्येही १५९ आलं तर ड्रायव्हर जवळपास सापडलाच, कारण झोपायचा हुकूम त्याला तिथंही मिळतो आणि तो तिथंही अडून बसलेला असतो.

लिनक्सवर काहीच हाती लागत नसेल तर पीएम_ट्रेस ही कर्नलमधली सोय हे शेवटचं अस्त्र आहे. उठताना कर्नल कुठल्या टप्प्यावर आहे याची खूण तो घड्याळाच्या चिपमध्ये लिहितो, कारण त्या क्षणी लिहायला दुसरी भरवशाची जागा नसते. लॅपटॉप अडकला की लगेच, दोन-तीन मिनिटांच्या आत रीस्टार्ट करा आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, कुठल्या डिव्हाइसशी खूण जुळली ते वाचा. घड्याळ भलतीच तारीख दाखवेल. घाबरू नका, पुरावा तिथंच लिहिलेला असतो. वाचून झालं की वेळ नीट लावून टाका.