अँकर कोण होणार?

अमुक जनुक हुशारीचं, तमुक रागाचं, अशा बातम्या सतत येतात आणि त्यांच्या जोरावर जनुकांची कुंडली मांडणाऱ्यांचं दुकानही चालतं. त्यांनी एकदा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा मिलीमीटरभर लांबीचा पारदर्शक गोलकृमी पाहावा. याच्या उभयलिंगी प्रौढात जननपेशी वगळता ९५९ पेशी असतात. त्यांतली प्रत्येक कुठून आली, याची वंशावळ जीवशास्त्रज्ञ जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मांडली. इतका शिस्तीचा जीव! पण त्याच्या जननग्रंथीत एक गोष्ट आधीपासून ठरलेली नसते.

अळीच्या दुसऱ्या अवस्थेत तिथे दोन पेशी शेजारी असतात. जनुकं तीच, लायकीही तीच. एक अँकर पेशी, म्हणजे पुढे शेजारच्या त्वचेला योनिमुख घडवायला लावणारी पेशी होणार, दुसरी गर्भाशयाची खालची बाजू घडवणार. कोणती काय होणार? साधारण निम्म्या अळ्यांत ही अँकर होते, निम्म्यांत ती.

दोघींच्या पृष्ठभागावर लॅग-२ हे संदेश देणारं प्रथिन असतं आणि तो झेलणारं लिन-१२ सुद्धा. जिच्यात लिन-१२ जरा जास्त चेतवलं जातं, तिचं लॅग-२ कमी होतं. म्हणजे शेजारणीला संदेश कमी मिळतो, तिचं लॅग-२ वाढतं आणि ती पहिलीला आणखी दाबते. नगण्य फरक असा फुगत जातो आणि लॅग-२ जास्त असलेली अँकर होते. गंमत म्हणजे दोघींच्या जन्मवेळेत पुरेसं अंतर असेल, तर आधी जन्मलेली बहुधा अँकर होत नाही. थोरलेपण इथे नडतं! लिन-१२ निकामी असेल तर दोघीही अँकर होतात. ते सतत चालू राहिलं तर एकही होत नाही. आणि लेसरने एक पेशी मारली, की उरलेली अँकर होते.

ही अँकर पेशी मग लिन-३ हे संदेश देणारं प्रथिन सोडते. खालच्या त्वचेतल्या सहा होतकरू पेशींपैकी सर्वांत जवळच्या पेशीला त्याचा मोठा वाटा मिळतो. तीही दोन्हीकडच्या शेजारणींना पुन्हा लिन-१२ मार्फतच वेगळं काम लावते. तिघींपासून २२ पेशींचं योनिमुख तयार होतं. उरलेल्या तिघी त्वचेत विलीन होतात.

अँकर पेशी नसेल तर हे दारच उघडत नाही. अंडी मात्र बनत राहतात, आतच उबतात, आणि पिल्लं आईला आतून खाऊन बाहेर पडतात.