बेलआउटची पार्श्वभूमी: तोटा आधी कोणाच्या माथी?

बँक दोन तऱ्हांनी अडचणीत येते. समजा, तिने दिलेली कर्जे आणि घेतलेले रोखे मिळून १०० ची मालमत्ता आहे, ठेवी व इतर देणी ९५ ची आहेत आणि भागधारकांचे भांडवल ५ आहे. कर्जे चांगली आहेत, पण ती दहा वर्षांत वसूल होणार आणि ठेवीदार आजच रांगेत उभे राहिले, तर ही रोख रकमेची टंचाई झाली. चांगले तारण ठेवून मध्यवर्ती बँकेने कर्ज दिले की ती भागते. पण कर्जेच बुडून १०० ची मालमत्ता ९२ वर आली, तर भांडवल संपून वर ३ चा खड्डा पडतो. आणखी कर्ज देऊन तो बुजत नाही, देणी मात्र वाढतात. तो तोटा भागधारक, रोखेधारक, ठेवीदार किंवा करदाता यांपैकी कोणाला तरी सोसावाच लागतो.

खरी पंचाईत अशी की, संकटाच्या दिवसांत मालमत्तेला गिऱ्हाईकच नसते. त्यामुळे ती ९८ ची की ९२ ची, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरीही निर्णय सोमवारी बाजार उघडायच्या आत घ्यावा लागतो. गेल्या दीडशे वर्षांतली बहुतेक बेलआउट, म्हणजे बुडत्या बँकेला बाहेरून दिलेले आधार, याच अंधारात झाली आहेत.

लंडनमधली ओव्हरएंड, गर्नी ही हुंड्या वटवणारी बलाढ्य पेढी १० मे १८६६ रोजी कोसळली. तिची वही पाहून बँक ऑफ इंग्लंडने तिला मदत नाकारली, पण इतर सुस्थितीतल्या पेढ्यांना मात्र भरभरून कर्ज दिले. यावरून अर्थविषयक लेखक वॉल्टर बॅजट यांनी पुढे सूत्र मांडले: संकटात मोकळ्या हाताने कर्ज द्या, पण चढ्या व्याजाने आणि चांगल्या तारणावर. १८९० मध्ये अर्जेंटिनाच्या रोख्यांत अडकलेली बेअरिंग ही पेढी बुडू लागली, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर विल्यम लिडरडेल यांनी लंडन शहरातल्या बँकांकडून हमी गोळा केली. तिचा आकडा सुमारे १.७ कोटी पौंडांपर्यंत गेला. पेढीच्या भागीदारांची खासगी मालमत्ताही विकून देणी फेडली गेली, हा तपशील आज सहसा कोणाला आठवत नाही. तेव्हा मालकाचे घरदार पणाला लागलेले असे, त्यामुळे पेढी वाचली तरी मालक फुकटात सुटत नसे. मर्यादित जबाबदारीच्या कंपन्या आल्यावर ही वेसण गेली आणि बेलआउटच्या अटी कागदावर लिहिण्याची गरज निर्माण झाली.

सरकारी तिजोरीतून बँका वाचवण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेचा. हूव्हर सरकारने जानेवारी १९३२ मध्ये रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ स्थापन केले. पहिले वर्षभर ते बँकांना मुख्यतः अल्प मुदतीची कर्जे देत राहिले आणि त्यासाठी बँकेची सर्वांत चांगली मालमत्ता तारण म्हणून घेत राहिले. परिणाम उलटाच झाला. चांगली कर्जे तारणात गेल्याने उरलेल्या ठेवीदारांच्या मागे फक्त गाळ राहिला, आणि शहाणे ठेवीदार आणखी घाईने पैसे काढू लागले. त्यात ऑगस्ट १९३२ पासून कर्ज घेणाऱ्या बँकांची नावे जाहीर होऊ लागली, म्हणजे ज्या बँकेचे नाव छापून येई तिच्यावर संशय पक्का. शिवाय जूनमध्ये महामंडळाचे अध्यक्षपद सोडलेल्या चार्ल्स डॉज यांच्याच शिकागोतल्या बँकेला त्याच महिन्यात ९ कोटी डॉलर मिळाले. त्या वशिल्याच्या आरोपाचा डाग धुतला गेला नाही.

मार्च १९३३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि ९ मार्चच्या कायद्याने महामंडळाला कर्जाऐवजी बँकांचे प्रेफरन्स शेअर (ठरावीक लाभांश आधी मिळणारे शेअर) घेण्याची मुभा दिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे वळण हेच. कर्जाने देणी वाढतात, पण शेअरने भांडवल वाढते, आणि खड्डा भांडवलाचाच होता. महामंडळाचे प्रमुख जेसी जोन्स यांनी धडधाकट बँकांनाही शेअर विकायला लावले, म्हणजे घेणारा आजारीच असणार हा समज राहिला नाही. पाहता पाहता ६,००० हून अधिक बँकांत सरकारचे भांडवल गेले. जोडीला १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाला.

पुढची पन्नास वर्षे शांततेची. मग मे १९८४ मध्ये कॉन्टिनेन्टल इलिनॉय ही सुमारे ४० अब्ज डॉलरची बँक हादरली. पेन स्क्वेअर या ओक्लाहोमातल्या छोट्या बँकेकडून तिने तेलधंद्याची सुमारे १ अब्ज डॉलरची कर्जे विकत घेतली होती आणि ती बुडाली होती. तिच्या दारात रांग लागलीच नाही. परदेशी बँकांनी मोठ्या ठेवी तारेवरून काढून घेतल्या. विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख डॉलर होती, पण ठेव विमा महामंडळाने या बँकेच्या सगळ्या ठेवीदारांना आणि धनकोंना पूर्ण हमी दिली, बुडीत कर्जे उचलली आणि ८० टक्के मालकी घेतली. जुन्या भागधारकांचे पैसे गेले, वरिष्ठ व्यवस्थापन बदलले, पण रोखेधारकांना ओरखडाही उठला नाही. सप्टेंबरात संसदेच्या सुनावणीत मोठ्या ११ बँकांना असे बुडू देणार नाही, अशी कबुली बँक नियंत्रकांनी दिली. तिथून पुढे मोठ्या बँकांचे रोखे घेणारे सरकारी हमी गृहीत धरूनच दर ठरवू लागले.

स्वीडनने १९९२ मध्ये दुसरा मार्ग दाखवला. सप्टेंबरात सरकारने बँकांच्या सर्व देण्यांना हमी दिली, पण मदतीचे भांडवल हवे असेल तर आधी भागधारकांचा तोटा पूर्ण लिहायचा, ही अट घातली. नॉर्डबँकन आणि गोटा या बँका सरकारकडे आल्या, आणि नॉर्डबँकनची बुडीत कर्जे सेक्युरम या वेगळ्या कंपनीत काढून सावकाश विकली गेली. हे जमले याचे कारण तोटा लगेच आणि उघडपणे मोजला गेला. जपानने तो मोजायला वर्षानुवर्षे टाळाटाळ केली: मार्च १९९८ मध्ये २१ बँकांना १.८ लाख कोटी येन थोडे थोडे वाटले, ते अपुरे पडले म्हणून वर्षभराने १५ बँकांना ७.५ लाख कोटी येन द्यावे लागले.

सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेसमोर हे सगळे अनुभव होते. १५ तारखेला लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचे कर्ज दिले, बदल्यात ७९.९ टक्के मालकी घेतली. एआयजीने गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांना बुडीतविरोधी हमी विकली होती. तिचे पतमानांकन घसरताच करारानुसार समोरच्या बँका जास्त तारण मागू लागल्या, आणि तेवढी रोकड तिच्याकडे नव्हती. भागधारकांना चटका बसला, पण त्या बँकांचे हे करार नंतर पूर्ण दर्शनी किमतीने मिटवले गेले. एक पैसाही सूट मागून घेतली नाही, हे आजही पटत नाही.

अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी मागितलेले ७०० अब्ज डॉलर आधी बुडीत रोखे विकत घेण्यासाठी होते. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने २२८ विरुद्ध २०५ मतांनी विधेयक फेटाळले, त्या दिवशी शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी पडला आणि ३ ऑक्टोबरला सुधारित कायदा मंजूर झाला. पण रोखे कोणत्या भावाने घ्यायचे? बाजारभावाने घेतले तर बँकेला तोटा लिहावा लागून भांडवलच संपणार. चढ्या भावाने घेतले तर ती खिरापत. म्हणून दहाच दिवसांत योजना फिरली. १३ ऑक्टोबरला नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना बोलावून १२५ अब्ज डॉलरचे प्रेफरन्स शेअर घेण्याचे ठरले. जोन्स यांचीच युक्ती: सगळ्यांना एकत्र बसवा, म्हणजे कोणी उठून दिसणार नाही.

अटी मात्र फार सैल होत्या. लाभांश पाच वर्षे ५ टक्के, मग ९ टक्के. सोबत गुंतवणुकीच्या १५ टक्के किमतीची वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. तीनच आठवड्यांपूर्वी वॉरन बफे यांच्या कंपनीने गोल्डमन सॅक्स या बँकेत ५ अब्ज डॉलर घातले, तेव्हा लाभांश १० टक्के आणि वॉरंट गुंतवणुकीइतक्याच किमतीची घेतली होती. जनतेच्या पैशाला सुरुवातीचा लाभांशही निम्माच मिळाला. अखेर या कार्यक्रमातून ७०७ संस्थांना सुमारे २०५ अब्ज डॉलर गेले आणि बँकांपुरता हिशेब सरकारला फायद्याचा ठरला. पण परतावा मिळाला म्हणून किंमत योग्य होती असे होत नाही. जोखीम घेतली त्या दिवशीचा भाव पाहायला हवा.

हमी देण्याने काय होते ते आयर्लंडने दाखवले. २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री सरकारने सहा बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांना दोन वर्षांची हमी दिली. त्या क्षणी एक युरोही खर्च झाला नाही, म्हणूनच ती स्वस्त वाटली. पण दुखणे रोकडीचे नसून बुडीत बांधकाम कर्जांचे निघाले. बँकांत सुमारे ६४ अब्ज युरो घालावे लागले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये देशालाच ८५ अब्ज युरोंचा मदत कार्यक्रम स्वीकारावा लागला.

यानंतर नियम लिहिले गेले. युरोपात सरकारी भांडवल देण्याआधी भागधारक आणि धनकोंनी बँकेच्या एकूण देण्यांच्या किमान ८ टक्के भार उचलावा, असे ठरले. यालाच बेल-इन म्हणतात. त्याची चुणूक २०१३ मध्ये सायप्रसमध्ये दिसली होती: बँक ऑफ सायप्रसच्या विमा नसलेल्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रकमेचे शेअर झाले.

मार्च २०२३ मध्ये या नियमांची परीक्षा झाली. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर निघाले, आणि २.५ लाख डॉलरची विमा मर्यादा बाजूला ठेवून सगळ्या ठेवीदारांना वाचवण्यात आले. आठवडाभराने क्रेडिट स्वीस ही स्विस बँक यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेला ३ अब्ज फ्रँकना विकताना स्विस नियामकाने सुमारे १६ अब्ज फ्रँकचे विशेष भांडवली रोखे शून्य केले, पण भागधारकांच्या हाती ते ३ अब्ज पडले. क्रमच उलटला. दुसऱ्याच दिवशी युरोपच्या नियामकांना जाहीर करावे लागले की, आमच्याकडे तोटा आधी भागधारकांचा. रोखेधारक कोर्टात गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्विस संघीय प्रशासकीय न्यायालयाने ते रोखे शून्य करण्याचा आदेश बेकायदा ठरवला.